मादाम क्युरींची गुरुवारची शाळा

आमची लेक तिसरीत होती तेव्हाची गोष्ट. सकाळची गडबड चाललेली. गॅसच्या एका बाजूला दूध, दुसऱ्या बाजूला चहाचं आधण, मध्येच डब्याची पोळी लाटायची. ती ओट्याशी येऊन उभी राहिली आणि विचारायला लागली, की आई, दूधच का उतू जातं, पाणी का नाही जात? मी तिच्याकडे बघितलं आणि तेवढ्यात दूध गेलं की उतू! मग काय, सगळा राग तिच्यावर निघाला. प्रश्न विचारायची ही वेळ आहे का, जा दप्तर भर, म्हणून तिला पिटाळलं. तिचं तोंड एवढंसं झालं. पण खरं सांगू का मैत्रिणींनो, मला वेळ असता तरी उत्तर देता आलं नसतं. मी बी. ए. झालेली. सायन्स म्हटलं की दहावीपासूनच माझ्या पोटात गोळा यायचा.

पुढे आठवी-नववीत ती काही विचारेनाशी झाली. मार्क चांगले पडत होते, त्यामुळे माझ्या ते लक्षातसुद्धा आलं नाही. लक्षात आलं ते ती शिकायला बाहेरगावी गेल्यावर, घर शांत झाल्यावर.

त्याच दिवसांत वाचनालयातून मादाम क्युरींचं चरित्र आणलं. त्यांच्या धाकट्या लेकीने, ईव्हने, १९३७ साली लिहिलेलं. रेडियमचा शोध, दोन नोबेल पारितोषिकं हे सगळं आपण शाळेत वाचलेलं असतंच. मला त्यात सापडली ती वेगळीच बाई. ओट्याशी उभी राहणारी, लेकीची वजनं मांडणारी, शेजारच्यांची पोरं गोळा करून शिकवणारी. खरं तर एवढ्या मोठ्या बाईला अहो-जाहो करायला हवं, पण वाचता वाचता ती माझी मैत्रीण झाली. म्हणून एकेरीवर येते, रागावू नका.

तिचं माहेरचं नाव मान्या स्क्लोडोव्हस्का. जन्म ७ नोव्हेंबर १८६७ चा, पोलंडमधल्या वॉर्साचा. पोलंड तेव्हा रशियाच्या ताब्यात होता. पाच भावंडांतली ही सगळ्यांत धाकटी. आई मुलींची शाळा चालवायची, पण तिला क्षय झाला. मुलांना बाधा होऊ नये म्हणून ती त्यांचा कधी पापा घेत नसे. खर्च वाचवायला घरीच चामडं कापून मुलांचे बूट शिवायची. मान्या दहा वर्षांची असताना ती गेली. तिच्या आधी थोरली बहीण तापाने गेलेली होती.

वडील भौतिकशास्त्र आणि गणिताचे मास्तर. रशियन सरकारने शाळांतले शास्त्राचे तास कमी केले, प्रयोग तर बंदच. वडिलांनी काय करावं? आपली उपकरणं घरी आणून काचेच्या कपाटात ठेवली. काचेच्या नळ्या, छोटे तराजू, दगडांचे नमुने, सोन्याचा वर्ख लावलेला विद्युतदर्शक. चार-पाच वर्षांची मान्या त्या कपाटापुढे टाचा उंच करून उभी राहायची. ही काय आहेत म्हणून तिने विचारलं, तेव्हा वडिलांनी भौतिकशास्त्राची उपकरणं असं नाव सांगितलं. अर्थ कळला नाही, पण तो शब्दच आवडला आणि ती तो गाण्यासारखा म्हणत हिंडायची. मला इथे थांबावंसं वाटलं. वडिलांनी काही फार समजावून सांगितलं असं नाही. फक्त कपाट तिच्या नजरेसमोर ठेवलं आणि विचारल्यावर नाव सांगितलं. एवढं तर आपल्यालाही जमलं असतं, नाही का?

१८८३ मध्ये ती सुवर्णपदक घेऊन शाळेतून बाहेर पडली. वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता आणि पॅरिसला जायला पैसा नव्हता. मग तिने आणि बहीण ब्रोन्याने आपसांत ठरवलं. आधी ब्रोन्याने पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हायचं, मान्याने नोकरी करून तिला पैसे पाठवायचे, आणि ब्रोन्याचं झालं की तिने मान्याला बोलवायचं. आपल्याकडे भाऊ-भाऊ असं करतात, बहिणींना सहसा कोणी करू देत नाही.

त्यासाठी १८८६ च्या जानेवारीत ती श्चुकी नावाच्या खेड्यात झोराव्स्की कुटुंबाच्या घरी शिक्षिका म्हणून राहायला गेली. वर्षाला पाचशे रुबल पगार. ह्या घरच्या मुलांना दिवसभर शिकवून झालं, की ती मजुरांच्या, शेतकऱ्यांच्या पोरांना आपल्या खोलीत पोलिश लिहा-वाचायला शिकवायची. घरातली मोठी मुलगी तिच्या मदतीला असायची. पोरं मागच्या जिन्याने येत. आधी दहा होती, मग अठरापर्यंत गेली. हे पकडलं गेलं असतं तर थेट सैबेरियाची वाट होती. पायांत चिखल, अंगाला वास, लक्ष कुठेतरी भलतीकडे, पण एखाद्या पोराला अक्षर लागलं की त्याचे निरक्षर आईबाप खोलीच्या कडेला उभे राहून बघत. आमच्या साक्षरता वर्गात मी हे डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून वाचताना डोळे भरून आले.

त्याच घरच्या थोरल्या मुलाने तिला मागणी घातली होती. घरात काम करणाऱ्या शिक्षिकेशी लग्न? आईवडिलांनी साफ नाही म्हटलं आणि मुलगा गप्प बसला. तरी बहिणीला पैसे पाठवायचे म्हणून ती त्याच घरात पुढे राबत राहिली. असो.

१८९१ मध्ये ती पॅरिसला पोचली. सॉर्बोन विद्यापीठात १८९३ ला भौतिकशास्त्रात पहिली आली, पुढच्या वर्षी गणितात दुसरी. १८९५ च्या जुलैत पिएर क्युरीशी लग्न झालं. हा पिएर लहानपणी शाळेत गेलाच नव्हता बरं का. तो स्वप्नाळू आणि सावकाश विचार करणारा, त्याचा शाळेत निभाव लागणार नाही हे डॉक्टर असलेल्या वडिलांनी ओळखलं आणि त्याला घरीच शिकवलं. ही गोष्ट पुढे मेरीला उपयोगी पडली असणार असं मला आपलं वाटतं.

१८९७ च्या सप्टेंबरात इरिन जन्मली. पुढच्या वर्षी, म्हणजे १८९८ मध्ये, या नवरा-बायकोने जुलैत पोलोनियम आणि डिसेंबरात रेडियम अशी दोन नवी मूलद्रव्यं जाहीर केली. आता त्याच सुमाराचं घरातलं बघा. मेरीकडे एक स्वयंपाकाचं पुस्तक होतं. त्यात गूजबेरी नावाच्या आंबट फळाच्या जेलीची कृती आहे, तिच्या समासात तिने स्वतःच्या हाताने नोंद केलीय. फळं आठ पौंड, साखर तेवढीच, उकळी दहा मिनिटं, मग जरा बारीक चाळणीतून गाळलं, चौदा बरण्या झाल्या. जेली पारदर्शक नाही, पण छान धरली. प्रयोगशाळेच्या वहीत लिहावं तसंच! आपण वर्षानुवर्षं मुरंबा करतो. एखाद्या वर्षी पाक पुढे जातो, एखाद्या वर्षी साखर खाली बसते, आणि त्याचा दोष आपण आंब्याला नाहीतर नशिबाला देतो. मागच्या वर्षी काय केलं होतं हे कुठे लिहिलेलं असतं? इरिनसाठीही तिची अशीच वही होती. आज किती दूध घेतलं, वजन किती भरलं, कुठला दात आला, पहिला शब्द कोणता.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगते. चार वर्षं गळक्या छपराच्या लाकडी शेडमध्ये टनावारी खनिज उकळून, ढवळून १९०२ मध्ये एक दशांश ग्रॅम रेडियमचा क्षार हाती लागला. १९०३ मध्ये नोबेल, १९०४ च्या डिसेंबरात ईव्हचा जन्म. आणि १९ एप्रिल १९०६ ला पावसात रस्ता ओलांडताना मालवाहू घोडागाडीखाली सापडून पिएर गेला. मेरी अडतिसाव्या वर्षी विधवा झाली. पदरात आठ वर्षांची आणि सव्वा वर्षाची अशा दोन मुली. सॉर्बोनने पिएरचे वर्ग तिच्याकडे दिले. नोव्हेंबरात ती वर्गात उभी राहिली आणि पिएरने जिथे शिकवणं थांबवलं होतं, तिथूनच तिने सुरुवात केली.

घरी म्हातारे सासरे होते. त्यांनी नातींना सांभाळलं. १९०७ मध्ये ही सगळी पॅरिसजवळच्या सो नावाच्या गावी राहायला गेली. मेरी रोज रेल्वेने ये-जा करायची. त्या धावपळीत, ज्या काळात दुसरी कोणी नुसती दिवस ढकलत राहिली असती त्या काळात, तिने मुलांची शाळा काढली!

झालं असं की इरिनला शाळेत घालायची वेळ आली आणि मेरीचा जीव धजेना. कोंदट वर्गात मुलांना दिवसभर डांबायचं, खेळायच्या वयात बाकावर बसवायचं, हे तिला पटत नव्हतं. थोडंच शिकावं, पण नीट शिकावं, बाकी वेळ उघड्यावर धावावं, पोहावं, मातीत खेळावं, असं तिचं मत. सोबतच्या प्राध्यापक मंडळींशी ती बोलली आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं. मुलं दहाच्या आसपास. रोज एकच धडा, तोही ज्याला त्या विषयातलं उत्तम येतं त्याने द्यायचा. एक दिवस पोरांची टोळी ज्यां पेरांच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्राला, दुसऱ्या दिवशी पॉल लांजव्हांकडे गणिताला. पेरांच्या आणि शावानांच्या घरच्या बायका, मूतों नावाचे एक प्राध्यापक, मागरू नावाचे एक शिल्पकार यांनी साहित्य, इतिहास, भाषा, निसर्ग, चित्रं आणि मातीकाम वाटून घेतलं. आणि गुरुवारी दुपारी एका रिकाम्या खोलीत मेरी भौतिकशास्त्र शिकवणार. आपल्या भिशीसारखंच म्हणा की, फक्त पैशाच्या जागी विद्या! पॅरिसच्या एका वर्तमानपत्राने थट्टाही केली, की धड लिहिता-वाचता न येणाऱ्या पोरांच्या हाती प्रयोगशाळा दिलीय, अजून स्फोट झालेला नाही एवढंच.

गुरुवारी काय चालायचं? सायकलच्या बेअरिंगचे छर्रे शाईत बुडवायचे आणि उतरत्या फळीवर सोडायचे. छर्रा घरंगळत जाताना आपली वाट आपणच आखून जातो, पडणारी वस्तू कशी पडते ते कागदावर दिसतं. काजळी धरलेल्या कागदावर लंबकाला त्याचे झोके लिहायला लावायचे. मुलांनी स्वतः थर्मामीटर बनवला आणि तो चालला! रिकामी बाटली खरंच रिकामी असते का? हवेला वजन असतं का? नळाला पाणी येतं ते कसं? या प्रश्नांवर धडेच्या धडे होते. ते आपल्याला आज कळतात ते इझाबेल शावान नावाच्या विद्यार्थिनीमुळे. तिने १९०७ मध्ये वहीत टिपणं काढली होती, ती घरात जपून राहिली आणि २००३ मध्ये फ्रान्समध्ये पुस्तकरूपाने छापली गेली. एका शाळकरी मुलीची वही! आपण तर पोरांच्या वह्या वर्ष संपलं की रद्दीत घालतो.

त्या वर्गातली एक गोष्ट ईव्हने सांगितलीय, ती मला फार आवडते. मेरीने मुलांना विचारलं, की या भांड्यात गरम पाणी आहे, ते गरम राहावं म्हणून काय कराल? वर्गात सगळी हुशार पोरं. कोणी म्हणालं लोकरीत गुंडाळू, कोणी म्हणालं अमुक युक्तीने बाहेरच्या हवेपासून तोडू. भारी भारी उपाय निघाले. मेरी हसली आणि म्हणाली, की मी असते तर आधी झाकण ठेवलं असतं. तेवढ्यात दार उघडलं आणि खाऊ आला. क्रॉयसाँ नावाचे पाव, चॉकलेटं, संत्री.

हे वाचून मी पुस्तक मिटून बसले. नोबेल मिळालेल्या बाईचं उत्तर काय, तर झाकण! हे मला येत होतं. माझ्या आईला, सासूबाईंना, आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींना, सगळ्यांना येतं. मग मला सायन्स येत नाही असं मी इतकी वर्षं का समजत होते?

मेरी कडकही होती हं. टेबलावर पसारा करून कोणी मागाहून आवरतो म्हणालं की तिला राग यायचा. मागाहून नाही, मुळात प्रयोग करताना पसारा होताच कामा नये. तोंडी हिशेबात घाई चालायची नाही, सावकाश कर पण चूक नको. मुलीने एकदाच चूक न करता केलं की तिची सुटका.

आपल्यासारख्यांना हे जमेल का, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझ्याही आला. त्यांच्याकडे सॉर्बोनचे प्राध्यापक, आपल्याकडे कोण? आणि त्यांचीही शाळा दोनच वर्षं चालली, हे सांगायला हवं. मोठी माणसं कामाने थकली, मुलांना पुढे सरकारी परीक्षा द्यायची तर ठरलेला अभ्यासक्रम हवाच. मग इरिन पॅरिसमधल्या शाळेत गेली. ईव्ह त्या वेळी फारच लहान होती. ती पुढे पियानो आणि लेखणीकडे वळली, शास्त्रज्ञ झाली नाही. तेव्हा अशी शाळा काढली की घरोघरी वैज्ञानिक निपजतील, असं मी अजिबात म्हणणार नाही.

तरीपण आम्ही गल्लीतल्या पाच घरांनी मिळून रविवार सकाळ धरलीय. नऊ-दहा पोरं येतात. एक दादा वायरमन आहेत, एक ताई शिवणकाम करतात, एक दवाखान्यात नर्स आहेत. ज्याला जे येतं ते तो दाखवतो. माझ्या वाट्याला आलं स्वयंपाकघर. पहिल्याच रविवारी मी मेरीचाच प्रश्न घेतला. सारखी दोन पातेली, दोन्हींत गरम पाणी. एकाला बाहेरून मफलर गुंडाळला पण वर उघडं ठेवलं, दुसऱ्यावर नुसतं झाकण. जास्त गरम कुठलं राहील? सगळ्या पोरांनी मफलरला हात वर केले. अर्ध्या तासाने थर्मामीटर घातला, झाकणवालं पाणी जास्त गरम. मी अगदी खूश! तेवढ्यात चौथीतली एक मुलगी, जी शाळेत फार प्रश्न विचारते म्हणून बोलणी खाते असं तिची आई सांगत होती, हळूच म्हणाली, काकू, दोन्हींत पाणी सारखं होतं का? मी तर अंदाजाने ओतलं होतं! वर्षानुवर्षं अंदाजानेच ओततेय. क्षणभर मला तोच जुना राग आला, खोटं कशाला बोलू. मग फुलपात्राने मोजून दोन्हींत सहा-सहा फुलपात्रं पाणी घातलं आणि सगळं पुन्हा केलं. झाकणच जिंकलं. पण ती वहीत लिहिताना आधी चुकलं होतं हेही लिहायचं का असं पोरांनी विचारलं, आणि आम्ही ते लिहिलं.

मेरीचं पुढचं सांगायचं राहिलं. १९११ मध्ये तिला दुसरं नोबेल मिळालं. परगावी असली की इरिनला पत्रातून गणितं पाठवायची. पहिल्या महायुद्धात या मायलेकी क्ष-किरणांची गाडी घेऊन जखमी सैनिकांसाठी छावण्यांतून हिंडल्या, तेव्हा इरिन अठराचीही नव्हती धड. एक गोष्ट मात्र मनाला टोचते. जी बाई मुलांना प्रत्येक गोष्ट तपासून बघायला शिकवायची, तिने रेडियमने भाजलेल्या स्वतःच्या बोटांकडे पुरेसं बघितलं नाही. सहकारी आजारी पडत होते, तरी आपल्या दुखण्याला दुसरीच कारणं शोधत राहिली. तिच्या वह्या आजही किरणोत्सारी आहेत, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिशाच्या पेट्यांत ठेवलेल्या. पुढे इरिन १९५६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेली.

१९३४ च्या जानेवारीत इरिन आणि तिचा नवरा फ्रेडरिक जोलिओ यांनी एक छोटीशी काचेची नळी आईच्या हातात दिली. माणसाने बनवलेलं पहिलं किरणोत्सारी द्रव्य होतं त्यात. मेरीने ती भाजक्या बोटांत धरली आणि मोजणाऱ्या यंत्राजवळ नेली. यंत्र टकटक करायला लागलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला तो जावयाला जन्मभर आठवत राहिला. ४ जुलैला ती गेली. लेक-जावयाला त्याच कामासाठी १९३५ मध्ये नोबेल मिळालं, ते बघायला ती नव्हती.

येत्या रविवारी पोरांनी दूध का उतू जातं हा विषय घेतलाय. मी काही सांगितलेलं नाही. एकाने आधीच शंका काढलीय, की भाताचं पाणीही उतू जातं, मग नुसत्या सायीचा दोष कसा? दोन्ही पातेली शेजारी शेजारी ठेवून बघायचं ठरलंय. लेकीला फोन केला होता. तिला सुट्टी आहे. येते म्हणाली.